शेप, बाळंतशेप आणि बडीशेप : दोन सुगंधी वनस्पतींच्या नामभेदाचा इतिहास

प्रास्ताविक

वनस्पतींचा इतिहास हा बहुतांशी त्यांच्या नावांचा इतिहास असतो. प्राचीन ग्रंथात एखाद्या वनस्पतीचा उल्लेख सापडला, की ती वनस्पती आज आपण जिला त्या नावाने ओळखतो तीच होय, असे गृहीत धरण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. हे गृहीतक अनेकदा फसवे ठरते. याचे बोलके उदाहरण म्हणजे शेपू आणि बडीशेप या दोन वनस्पती होत. दोन्ही एकाच कुलातील, दोन्हींची पाने तंतूसारखी चिरलेली, दोन्हींची फुले पिवळी व छत्रीच्या आकारात लागणारी, दोन्हींची फळे सुगंधी व पाचक. इतके साम्य असल्यामुळे युरोपात काय किंवा भारतात काय, या दोहोंची नावे शतकानुशतके परस्परांत मिसळत राहिली.

प्रस्तुत निबंधात या नामसंकराचा मागोवा घेतला आहे. कोशकार, निघंटुकार, भाषांतरकार व वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी हा भेद कसा नोंदविला, कोठे तो त्यांच्या हातून निसटला आणि लोकव्यवहाराने तो कसा टिकवून धरला, हे पाहणे हा या विवेचनाचा उद्देश आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. जुन्या वैद्यकीय ग्रंथातील शब्दाचा अर्थ चुकला, तर औषध चुकते आणि त्यावर आधारलेला आहाराचा व व्यापाराचा इतिहासही चुकतो.

दोन वनस्पतींतील भेद

इतिहासाकडे वळण्यापूर्वी या वनस्पतींची आजची शास्त्रीय ओळख स्पष्ट करणे आवश्यक आहे. शेपूचे शास्त्रीय नाव अनेथम ग्रॅव्हिओलेन्स, तर बडीशेपेचे फिनिक्युलम व्हल्गेरी. दोन्ही वनस्पती एपिएसी, म्हणजे जिरे, धने, ओवा व गाजर यांच्या कुलातील आहेत. शेपू ही एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारी, तुलनेने लहान व सडपातळ वनस्पती आहे. बडीशेप मूलतः बहुवर्षायू असून ती दोन मीटरपर्यंत वाढू शकते. शेतात मात्र ती बहुधा हंगामी पीक म्हणून घेतली जाते. तिच्या पानांचे देठ खोडाला रुंद आवरणासारखे वेढून असतात. युरोपात भाजी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या एका प्रकारात हीच आवरणे फुगून कांद्यासारखा गड्डा तयार होतो.

कोवळ्या अवस्थेत, केवळ पानांवरून, दोहोंत फरक करणे नवख्याला कठीण जाते. खरा भेद स्पष्ट होतो तो फळात, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘बी’ म्हणतात त्यात. शेपूचे फळ चपटे असते व त्याच्या कडेला फिकट रंगाची पातळ पंखासारखी किनार असते. बडीशेपेचे फळ लांबट, फुगीर, हिरवट व ठळक उभ्या कण्यांचे असते. त्याला अशी पसरट किनार नसते.

दुसरा भेद गंधाचा. बडीशेपेच्या तेलात अनेथॉल हा गोडसर वासाचा घटक प्रमुख असतो. शेपूच्या फळातील तेलात कार्व्होन व लिमोनिन हे घटक महत्त्वाचे असतात आणि भारतीय शेपूत त्यांच्या जोडीला डिलॅपिओल हा घटक आढळतो. येथेही नामसंकराचा एक विलक्षण नमुना दिसतो. ‘अनेथॉल’ हे नाव ‘अनेथम’ या शब्दावरून आले आहे, आणि अनेथम हे शेपूच्या प्रजातीचे नाव. परंतु हा घटक ज्यांत मुख्यत्वे असतो त्या वनस्पती म्हणजे बडीशेप व विलायती बडीशेप. रसायनशास्त्राच्या परिभाषेतही जुना गोंधळ असा गोठून राहिला आहे.

या कुलातील वनस्पती ओळखण्यातील चूक नेहमीच निरुपद्रवी नसते, हेही लक्षात घ्यावयास हवे. इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्समध्ये सॉक्रेटिसला जे विष देण्यात आले, ते याच कुलातील हेमलॉक या वनस्पतीचे असल्याचे मानले जाते. चिरलेली पाने व छत्रीसारखा फुलोरा एवढ्याच खुणांवर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

ग्रीक-रोमन परंपरा

प्राचीन ग्रीक भाषेत या दोन वनस्पतींसाठी स्वतंत्र शब्द होते. शेपूला ‘अनेथॉन’ व बडीशेपेला ‘मराथॉन’ किंवा ‘माराथ्रॉन’ असे म्हणत. बडीशेपेचे हे नाव अत्यंत जुने असून मायसिनीकालीन ‘लिनिअर बी’ लिपीतील मृत्तिकापटांवरही ते मसाल्याच्या पदार्थांच्या नोंदींत आढळते. इ.स.पू. ४९० मधील लढाईमुळे प्रसिद्ध झालेल्या मॅरेथॉन या स्थळाचे नावही याच शब्दाशी जोडले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील वैद्य डायस्कॉरिडिस याने आपल्या औषधिविषयक ग्रंथात दोन्ही वनस्पतींची स्वतंत्र वर्णने दिली आहेत. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी याने सर्प आपली दृष्टी स्वच्छ करण्यासाठी बडीशेपेचा उपयोग करतात, अशी समजूत नोंदविली आहे.

लॅटिनमध्येही ‘अनेथम’ व ‘फेनिक्युलम’ हे शब्द वेगळे राहिले. यांपैकी दुसऱ्याचा मूळ अर्थ ‘बारीक वाळलेले गवत’ असा आहे. शार्लमेनच्या काळाशी निगडित असलेल्या राजकीय मळ्यांच्या व्यवस्थापनविषयक आदेशात लावावयाच्या वनस्पतींची जी यादी आहे, तीतही दोन्ही नावे स्वतंत्रपणे येतात. ज्यांना प्रत्यक्ष लागवड करावयाची होती, त्यांच्यासाठी हा भेद संदिग्ध नव्हता.

गोंधळ निर्माण झाला तो भाषांतरात. नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात दशांश म्हणून द्यावयाच्या वनस्पतींमध्ये ‘अनेथॉन’ हा मूळ ग्रीक शब्द आहे. त्याचा अर्थ शेपू. परंतु इ.स. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादात त्याजागी ‘अ‍ॅनिस’ म्हणजे विलायती बडीशेप असा शब्द योजला गेला. ग्रीकमधील ‘अनेथॉन’ व ‘अनिसॉन’ या शब्दांचे ध्वनिसाम्य या चुकीच्या मुळाशी असावे. विसाव्या शतकातील सुधारित इंग्रजी अनुवादांनी ती दुरुस्त केली. मात्र दरम्यानच्या तीन शतकांत इंग्रजी वाचकांच्या मनात एका वनस्पतीच्या जागी दुसरीच रुजली होती. प्रॉमिथिअसने ज्या पोकळ दांड्यातून अग्नी आणला तो बडीशेपेचा होता, असे जे अनेकदा लिहिले जाते, त्यामागेही असाच संकर आहे. मूळ ग्रीक शब्द ‘नार्थेक्स’ असून तो फेरुला या उंच वाढणाऱ्या वेगळ्या वनस्पतीचा वाचक आहे.

संस्कृत कोश व निघंटू

भारतीय परंपरेत शेपूसाठी ‘शतपुष्पा’ व ‘शताह्वा’, तर बडीशेपेसाठी ‘मिश्रेया’ व ‘मधुरिका’ ही नावे प्रमुख मानली जातात. आजच्या भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशानेही शतपुष्पा व मिश्रेया या दोन द्रव्यांच्या मागे शेपू व बडीशेप अशा दोन भिन्न वनस्पती निश्चित केल्या आहेत. परंतु ही निश्चिती आधुनिक आहे. मूळ ग्रंथांकडे वळल्यास चित्र इतके स्वच्छ दिसत नाही.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात या वनस्पतींचे पर्याय दोन वेगवेगळ्या ठिकाणी येतात. एका गटात शालेय, शीतशिव, छत्रा, मधुरिका, मिसि व मिश्रेया ही नावे आहेत. दुसऱ्या गटात शतपुष्पा, सितच्छत्रा, अतिच्छत्रा, मधुरा, मिसि, अवाक्पुष्पी व कारवी ही नावे येतात. दोन गट स्वतंत्र असल्याने कोशकाराला दोन वनस्पती अभिप्रेत होत्या हे उघड आहे. तथापि ‘मिसि’ हा शब्द दोन्ही गटांत आहे. ‘मधुरिका’ व ‘मधुरा’, तसेच ‘छत्रा’ व ‘सितच्छत्रा’ या जोड्यांतील अंतरही अत्यल्प आहे. भरीस भर म्हणजे त्याच वर्गात ‘मिसी’ हे नाव जटामांसीलाही दिलेले आहे आणि ‘कारवी’ हे नाव काळ्या जिऱ्यासारख्या अन्य द्रव्याच्या पर्यायांतही येते. मराठी वाचकाला तर कारवी म्हटले की सह्याद्रीच्या उतारावरील झुडूपच आठवेल. एक शब्द किती वनस्पतींचे ओझे वाहू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात हा संकर अधिक गडद होतो. तेथे शतपुष्पा व मिश्रेया यांचे वर्णन एकापाठोपाठ येते. ‘मधुरा’ व ‘मिसि’ ही दोन्ही नावे दोन्ही वनस्पतींच्या पर्यायांत आढळतात. मिश्रेयेचे गुण शतपुष्पेप्रमाणेच सांगून योनिशूलावरील तिच्या विशेष उपयोगाचा तेवढा वेगळा निर्देश केलेला आहे. लक्षणीय बाब अशी, की ‘मधुरा’ म्हणजे गोड हे नाव ज्या शतपुष्पेला दिले, तिचेच वर्णन पुढे तीक्ष्ण व कटू असे केले आहे. नाव बडीशेपेच्या चवीचे आणि गुणवर्णन शेपूच्या चवीचे, असा हा विरोध आहे. यावरून असे दिसते, की पर्यायनामांची यादी ग्रंथपरंपरेतून उतरत आली आणि गुणवर्णन प्रत्यक्ष अनुभवाशी निगडित राहिले. म्हणून अशा ग्रंथाचा अर्थ लावताना नावापेक्षा गुणवर्णनाला अधिक प्रमाण मानणे इतिहासाच्या अभ्यासकाला श्रेयस्कर ठरते.

याचा व्यावहारिक परिणाम दूरगामी आहे. चरकसंहितेत बस्तिचिकित्सेला साहाय्यभूत द्रव्यांच्या दोन्ही गणांत शतपुष्पेचा समावेश आहे. काश्यपसंहितेच्या कल्पस्थानात शतपुष्पा व शतावरी यांच्यावर एक संपूर्ण अध्याय असून त्यात स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने या दोन द्रव्यांचा विचार केला आहे. खंडित स्वरूपात उपलब्ध असलेला हा ग्रंथ नेपाळमधील हस्तलिखिताच्या आधारे इ.स. १९३८ मध्ये प्रकाशात आला. अशा ठिकाणी ‘शतपुष्पा’ या शब्दाचे भाषांतर ‘बडीशेप’ असे केले गेल्यास प्रसूतिविषयक औषधपरंपरेचा संपूर्ण धागा चुकीच्या वनस्पतीला जोडला जातो.

देशी भाषांतील विभाजन

संस्कृतातील हा संकर देशी भाषांनी आपापल्या रीतीने सोडविला. गंमत अशी, की त्यांनी तो एकाच दिशेने सोडविला नाही. तमिळ व मल्याळम भाषांत शेपूच्या फळाला अनुक्रमे ‘शतकुप्पै’ व ‘शतकुप्प’ म्हणतात. ही रूपे ‘शतपुष्पा’ या शब्दाशी थेट नाते सांगतात आणि मूळ अर्थही टिकवून धरतात. याउलट हिंदीतील ‘सौंफ’ या शब्दाची व्युत्पत्तीही ‘शतपुष्पा’ अशीच दिली जाते. परंतु सौंफ म्हणजे बडीशेप. शेपूला हिंदीत ‘सोआ’ किंवा ‘सोया’ हे वेगळे नाव आहे. एकच संस्कृत शब्द दक्षिणेत शेपूकडे व उत्तरेत बडीशेपेकडे गेला, असे यावरून म्हणता येते. बंगालीतील ‘मौरी’ हे बडीशेपेचे नाव मात्र ‘मधुरिका’ या शब्दाशी जोडले जाते, म्हणजे तेथे गोडपणाची खूण टिकली. गुजरातीत ‘सुवा’ म्हणजे शेपू आणि ‘वरियाळी’ म्हणजे बडीशेप, असे दोन पूर्णतः वेगळे शब्द रूढ आहेत. युनानी वैद्यकाने अरबी-फारसी परंपरेतून ‘शिबित’ व ‘बादियान’ ही नावे आणली. त्यांपैकी पहिले शेपूचे व दुसरे बडीशेपेचे.

मराठीची रीत याहून निराळी आहे. मराठीने दोन वनस्पतींसाठी दोन असंबद्ध शब्द वापरले नाहीत. ‘शेप’ किंवा ‘शोप’ हा एकच शब्द कायम ठेवून त्याला विशेषणे जोडली. आकाराने मोठी ती बडीशेप. बाळंतिणीला द्यावयाची ती बाळंतशेप. आणि पानांची भाजी करावयाची ती शेपू. येथे एकाच वनस्पतीला, तिच्या पानाला व फळाला, दोन वेगळी नावे मिळाली, हे विशेष होय. अनेक गृहिणींच्या लेखी शेपूची भाजी व बाळंतशेप या दोन स्वतंत्र वस्तू असतात. एक भाजीबाजारात मिळणारी, दुसरी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी. त्या एकाच झाडाच्या आहेत, याची जाणीव असतेच असे नाही. तमिळ व मल्याळममध्ये बडीशेपेला ‘मोठे जिरे’ अशा अर्थाचे नाव आहे. तेथेही आकार हीच खूण धरली गेली, फक्त तुलनेसाठी शेपूऐवजी जिरे घेतले गेले.

मराठी नामपद्धतीचे हे वर्गीकरण उपयोगावर आधारलेले आहे. जेवणानंतर भाजून खाल्ली जाते ती बडीशेप. बाळंतिणीसाठी ओवा, तीळ व खोबरे यांच्यासोबत सिद्ध केलेल्या सुपारीत घातली जाते ती बाळंतशेप. मुगाच्या डाळीसह शिजवून भाकरीबरोबर खाल्ली जाते ती शेपू. या तिन्हींची अदलाबदल स्वयंपाकघरात सहसा होत नाही. निघंटूंच्या पर्यायनामांत जो भेद पुसट झाला, तो माजघरातील व बाळंतिणीच्या खोलीतील व्यवहाराने अबाधित ठेवला. हा व्यवहार प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती होता व तो लेखी परंपरेत फारसा उतरला नाही. ‘बाळंतशेप’ हा शब्द हीच त्या ज्ञानाची एक ठळक नोंद होय. ज्या द्रव्यावर काश्यपसंहितेने स्त्री-आरोग्याच्या संदर्भात अध्याय लिहिला, तेच द्रव्य मराठी घराने बाळंतिणीच्या नावाने ओळखले, हा मेळ नजरेआड करण्याजोगा नाही.

आधुनिक वनस्पतिशास्त्राचा प्रवास

लोकव्यवहारात हा भेद स्थिर असताना आधुनिक विज्ञानाला मात्र तो निश्चित करावयास वेळ लागला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने सतराव्या शतकाच्या अखेरीस या दोन वनस्पती स्वतंत्र प्रजातींत ठेवल्या होत्या. परंतु लिनीअसने इ.स. १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोहोंना ‘अनेथम’ या एकाच प्रजातीत घातले. शेपू झाली अनेथम ग्रॅव्हिओलेन्स आणि बडीशेप झाली अनेथम फिनिक्युलम. पंधरा वर्षांनी, इ.स. १७६८ मध्ये, लंडनजवळील चेल्सी येथील औषधी वनस्पतींच्या उद्यानाचे प्रमुख फिलिप मिलर यांनी आपल्या उद्यानकोशाच्या आठव्या आवृत्तीत बडीशेपेला फिनिक्युलम व्हल्गेरी हे नाव दिले व तेच आज मान्य आहे. बी पेरण्यापासून बी धरण्यापर्यंत झाडे पाहणाऱ्या उद्यानतज्ज्ञाकडून हा भेद पुन्हा प्रस्थापित व्हावा, हे अर्थपूर्ण आहे.

भारतात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी भारतीय शेपूला वेगळी जाती मानून ‘अनेथम सोवा’ असे नाव योजले. हे नाव इ.स. १८१० मध्ये जॉन फ्लेमिंग यांच्या भारतीय औषधी वनस्पतींच्या सूचीतून प्रसिद्ध झाले. यातील ‘सोवा’ हा शब्द देशी भाषेतून घेतला आहे. म्हणजे संस्कृत कोशांतील संदिग्ध पर्यायांऐवजी बाजारातील चालू नावाला येथे शास्त्रीय दर्जा मिळाला. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ भारतीय शेपूला अनेथम ग्रॅव्हिओलेन्समध्येच समाविष्ट करतात. औषधिकोशीय परिभाषेत मात्र सोवा हे नाव टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेपूला प्यूसिडॅनम या आणखी एका प्रजातीत हलविण्यात आले होते. मुंबईतील विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्यासह सिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (१८८९–१८९३) या ग्रंथात ती त्याच नावाखाली आढळते. अभ्यासकाने जुने ग्रंथ चाळताना ही बदलती नावे ध्यानात ठेवली नाहीत, तर एकाच वनस्पतीचे तीन वेगळे इतिहास लिहिले जाण्याचा संभव आहे.

शेपूच्या आधुनिक औषधी प्रवासाचा एक टप्पा इंग्लंडमधूनही जातो. नॉटिंगहॅम येथील विल्यम वुडवर्ड यांनी इ.स. १८५१ मध्ये अर्भकांच्या पोटदुखीवर जे ‘ग्राइप वॉटर’ तयार केले, त्यात शेपूचे तेल हा एक घटक होता. पुढे हे औषध भारतीय घरांतही पोहोचले. बाळंतशेप ज्या घरांत पूर्वापार होती, त्याच घरांत तेच द्रव्य बाटलीतून, विलायती नावाने परत आले.

स्वातंत्र्योत्तर काळात मसाले मंडळ अधिनियम, १९८६ च्या अनुसूचीत बडीशेप, शेपू व विलायती बडीशेप यांची स्वतंत्र नोंद झाली. बियाणेवर्गीय मसाल्यांच्या संशोधनासाठी इ.स. २००० मध्ये अजमेर येथे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. याप्रमाणे कायदा व कृषिसंशोधन या दोन्ही क्षेत्रांत या वनस्पतींचे वेगळेपण मान्य झालेले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) शेपू व बडीशेप यांच्या नावांतील संकर हा कोणा एका संस्कृतीचा दोष नाही. ग्रीकमधून इंग्रजीत होणारे भाषांतर, संस्कृत पर्यायकोश आणि लिनीअसचे वर्गीकरण या तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळ्या कारणांनी घडला.

२) लागवड करणारा, विकणारा व वापरणारा यांच्या व्यवहारात हा भेद सामान्यतः टिकून राहिला. गोंधळ वाढला तो मुख्यतः ग्रंथावरून ग्रंथ लिहिण्याच्या प्रक्रियेत.

३) प्राचीन ग्रंथांतील ‘मिसि’, ‘मधुरा’, ‘छत्रा’ यांसारख्या शब्दांचे एकच निश्चित भाषांतर करणे उचित नाही. संदर्भ, गुणवर्णन व उपयोग यांच्या आधारे प्रत्येक स्थळी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो. ‘शतपुष्पा’ या शब्दाला हिंदी ‘सौंफ’ या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यावरून बडीशेप मानणे हे विशेषतः टाळावयास हवे.

४) मराठीतील ‘शेपू’, ‘बाळंतशेप’ व ‘बडीशेप’ ही त्रयी केवळ बोलीतील शब्दसंपत्ती नसून ऐतिहासिक पुरावा आहे. ग्रंथकारांनी ज्याची सविस्तर नोंद केली नाही, असे घरगुती वैद्यक तीत साठवलेले आहे.

वनस्पतींची लोकनामे अशास्त्रीय म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती अभ्यासक्षेत्रात दीर्घकाळ राहिली. प्रस्तुत उदाहरण तिच्या मर्यादा दाखवून देते. नव्या पिढीच्या बोलण्यातून ‘बाळंतशेप’ हा शब्द नाहीसा झाला, तर त्याबरोबर एका भेदाची जाणीव आणि तो भेद जपणाऱ्यांची स्मृतीही नाहीशी होईल. म्हणून वनस्पतिशास्त्र, संस्कृत, मराठी व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी आपापल्या परिसरातील अशी नावे, त्यामागील उपयोगांसह, वेळीच नोंदवून ठेवणे अगत्याचे आहे.